पट्टी इंजिन सर्व्हरवर चढवताना : कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

मामांच्या दुकानातल्या जुन्या प्रोग्रॅमची सीडी वाचली गेली. यातच अर्धा दिवस गेला, कारण घरातल्या एकाही लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. शेवटी विश्रामबागेतल्या एका मित्राकडे बाहेरून जोडायचा ड्राइव्ह निघाला.

आत आहे ते असं : पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेली अकराशे ओळींची एक मुख्य फाइल, सेटिंगची एक फाइल, साच्यांचा फोल्डर आणि २००४ पासून दिवाळी २०१८ पर्यंतचा डेटा, साध्या टेक्स्ट फाइलींत. मामांचं सांगलीच्या मार्केट यार्डात अडतीचं दुकान आहे. शेतकऱ्याचा माल सौद्यात विकला गेला की त्याला पट्टी द्यावी लागते : पोती, वजन, दर, त्यातून हमाली-तोलाई वजा, निव्वळ रक्कम. ते छापायला दादाने, म्हणजे मामांच्या थोरल्या मुलाने, इंजिनिअरिंगला असताना हा प्रोग्रॅम लिहिला. डेटा आणि साचा घेऊन पान तयार करतो, म्हणून तो त्याला ऐटीत ‘इंजिन’ म्हणायचा. घरात तेच नाव रुळलं.

इंजिन चालायचं विंडोजच्या एका पीसीवर, तिथेच बसवलेल्या अपाचे या वेब सर्व्हरवर. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभागातल्या घराचा तळमजला बुडाला, पीसी त्यात गेला. सीडी वर देवघराच्या कपाटात होती, म्हणून राहिली. तेव्हापासून दिवाणजी पट्ट्या हातानेच फाडतात, कार्बन घालून.

आता मामांना ते फोनवर पाहिजे, आणि मराठीत. जुनं सगळं इंग्रजी अक्षरांत होतं, हळदीला ‘एच ए एल ए डी’. एका वर्षाची शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेकांत वाटलेल्या सर्व्हरवर भाड्याची जागा, घेतली : लिनक्स, अपाचे २.४, पर्ल ५.२६. कमांड लाइन नाही, फक्त ब्राउझरमधलं पॅनेल आणि फाइली पाठवायला एफटीपी.

पीएचपी या दुसऱ्या भाषेत नव्याने लिही, असं ज्याला-त्याला सुचतंय. पण या साच्यांत वजावटीचे पंधरा वर्षांचे बारकावे बसलेत, आणि ते मला पुन्हा कोणी सांगणार नाही. जुनंच चढवायचं.

५ फेब्रुवारी

झिप करून पॅनेलमधून चढवली, तिथेच उलगडली. पत्ता उघडला तर ब्राउझरमध्ये अख्खा प्रोग्रॅमच दिसला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आणि चौदाव्या ओळीत मालकाचा पासवर्ड.

लगेच फोल्डरचं नाव बदललं, पासवर्ड बदलला. तो पासवर्ड मामांच्या स्कूटरचा नंबर होता, त्यामुळे फार काही लपलेलं होतं असंही नाही.

कारण साधं होतं. ही फाइल वाचून दाखवायची नसून चालवायची आहे, हे सर्व्हरला कोणी सांगितलंच नव्हतं. फोल्डरपुरत्या सेटिंगच्या डॉट-एचटीॲक्सेस फाइलीत दोन ओळी घातल्या : या फोल्डरमध्ये सीजीआय, म्हणजे सर्व्हरवर चालून पान तयार करणारे प्रोग्रॅम, चालवायला परवानगी, आणि डॉट-सीजीआय शेवट असलेली फाइल म्हणजे सीजीआय स्क्रिप्ट. शिवाय अख्ख्या फोल्डरला वेगळं कुलूप लावलं. प्रोग्रॅमचं स्वतःचं लॉगिन २००४ चं आहे, त्यावर भिस्त ठेवणार नाही.

आता पान उघडल्यावर ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’. कोड दिसत नाही, ही प्रगती.

६ फेब्रुवारी

५०० हा आकडा म्हणजे नुसतं ‘आत काहीतरी बिनसलंय’. खरं काय ते सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये असतं. पॅनेलमध्ये तो लॉग कुठे आहे, हे होस्टिंगच्या मदतवाल्यांना विचारलं. उत्तर आलं : ब्राउझरची कॅश साफ करून पाहा. दोनदा. मग माझा मीच शोधला.

पहिला दोष : परवानगी नाही. फाइल ६४४ वर होती, म्हणजे वाचता येते पण चालवता येत नाही. ७५५ केली, म्हणजे चालवता येते, लिहिता मात्र फक्त मला येतं.

इथे एक गाढवपणा केला. सीडीवर दादाची ‘वाचा’ नावाची फाइल होती, त्यात लिहिलं होतं की लिनक्सवर टाकलं तर सगळं ७७७ करा, म्हणजे कोणालाही लिहिता येईल असं. त्या काळी गावभर हाच सल्ला फिरायचा. तो मानला, तर पुन्हा ५००. लॉगमध्ये नवी ओळ : ‘डिरेक्टरी इज रायटेबल बाय अदर्स’. हा अपाचेचा एसयू-एक्झेक. स्क्रिप्ट सर्व्हरच्या सामाईक नावाने न चालवता खातेदाराच्या नावाने चालवायची हे त्याचं काम, आणि त्याआधी तो तपासतो की स्क्रिप्ट किंवा तिचा फोल्डर दुसऱ्या कोणाला लिहिण्याजोगा तर नाही ना. असेल तर तो चालवतच नाही. म्हणजे २००४ मध्ये ज्याने चालू व्हायचं, त्यानेच आता बंद पडतं.

फोल्डर ७५५, स्क्रिप्ट ७५५. डेटाच्या फोल्डरला तर ७०० पुरतं, कारण लिहिणारा आता मीच आहे.

७ फेब्रुवारी

आजचा दोष : ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल माझ्यासमोर आहे, तिचं नाव बरोबर आहे, आणि सर्व्हर म्हणतो नाही.

नसलेली फाइल स्क्रिप्ट नसून पर्ल होतं. पहिल्या ओळीत, स्क्रिप्ट कोणी चालवायची ते सांगणाऱ्या शेबँगमध्ये, अजून विंडोजचा ‘सी’ ड्राइव्हचा पत्ता. बदलून यूएसआर-बिन-पर्ल केला. तरी तेच. आता पत्ताही बरोबर, पर्लही तिथे, तरी फाइल नाही.

हा दोष मी ऐकून होतो, पण भेटला पहिल्यांदाच. विंडोजवर ओळ संपते ती दोन अदृश्य खुणांनी, लिनक्सवर एका. झिपमधून फाइल जशीच्या तशी आली, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी ती जादा खूण राहिली. पहिली ओळ वाचताना लिनक्स ‘पर्ल’ शोधत नाही, ‘पर्ल अधिक ती खूण’ या नावाची फाइल शोधतो, आणि तशी फाइल खरंच नाही. दिसत नसल्यामुळे माणूस दहा वेळा स्पेलिंग तपासत बसतो. एफटीपीने मजकूर म्हणून पाठवली असती तर वाटेत बदल झाला असता. झिपने ती सोय घालवली. एडिटरमध्ये ओळींचे शेवट युनिक्सचे करून घेतले.

८ फेब्रुवारी

दुकानात बसून शेवटची एक दुरुस्ती करायला गेलो आणि काल मिळवलेलं घालवलं. दुकानातल्या विंडोज ७ च्या नोटपॅडमध्ये फाइल उघडून यूटीएफ-८ म्हणून, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीने, जतन केली. आता दोष ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. ते नोटपॅड फाइलीच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची खूण घालतं, ईएफ बीबी बीएफ. लिनक्सला पहिल्या दोन बाइटांत शेबँगचं चिन्ह दिसलं नाही तर ही स्क्रिप्ट आहे हेच त्याला कळत नाही. खूण काढली. त्या मशीनवर फाइल उघडायची नाही, असं कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं. खाली मामांनी ‘चहा सांडू नये’ असं जोडलं.

९ फेब्रुवारी

पर्ल चालू झालं, म्हणजे आता पर्लच्या तक्रारी सुरू. पण या तक्रारी वाचायला मजा येते, पर्ल ओळ क्रमांक सांगतं.

सेटिंगची फाइल सापडत नाही म्हणे. ती शेजारीच आहे. पूर्वी पर्ल फाइली शोधायच्या यादीत शेवटी चालू फोल्डरही धरायचं. २०१७ च्या ५.२६ पासून ते बंद केलं, कारण भलत्या फोल्डरमध्ये कोणी आपली फाइल ठेवून तुमच्या प्रोग्रॅमकडून ती चालवून घेऊ शकतो. नावाआधी टिंब-स्लॅश लावलं, मिटलं. मग यादी रिकामी आहे का हे विचारायची जुनी पद्धत, ‘डिफाइन्ड’ लावून. ती ५.२२ पासून थेट चूक धरतात. सात ठिकाणी होती, सातही काढली. घरच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. तिथे न चालवता नुसतं व्याकरण तपासून मग चढवायचं, असं ठरवलं. हे पहिल्या दिवशी ठरवायला हवं होतं.

रात्री ११ : पान उघडलं. अक्षरांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले ‘ए’ आणि चलनाची चिन्हं. पानाच्या हेडरमध्ये कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने वाचायची ते, दिलेलं नव्हतं. यूटीएफ-८ लिहिलं. वर ठळक मथळा आला : ‘सांगली हळद व गूळ : आजच्या पट्ट्या’. मामांना फोटो पाठवला.

१२ फेब्रुवारी

मालाची नावं मराठीत बदलून घेतली. जुना डेटा इंग्रजीत असला तरी मालाची नावं मोजकीच, एक तक्ता पुरला. तालुके दहा, तेही बदलले. दिवाणजींना नवी नोंद करायला शिकवलं. ते टाइप करत नाहीत, फोनला बोलून दाखवतात आणि फोन लिहितो. माझ्यापेक्षा वेगात होतं.

१४ फेब्रुवारी

सकाळी सौद्याच्या वेळी मामांचा फोन.

“काय रं पठ्ठ्या, माझ्या दुकानात गू लावलायस व्हय?”

मी पान उघडलं. गुळाच्या प्रत्येक ओळीत मालाच्या रकान्यात ‘गू’, आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह.

“मामा, तुम्ही शेतकऱ्यांना दाखवू नका, मी बघतो.”

“दाखवू नका काय, हमालानं वाचून दाखवलं मला!”

हळदीचं त्याहून वाईट, फक्त लक्षात यायला वेळ लागला. मिरजेकडच्या एका शेतकऱ्याची १२ पोती, वजन ६.४ क्विंटल, आणि रक्कम ७६ रुपये ८० पैसे. दुसऱ्या एका पट्टीवर रक्कम शून्य. एरर लॉग उघडला. स्वच्छ. आठवडाभर ज्या लॉगने डोकं खाल्लं, त्यात आज एक ओळ नाही.

१५ फेब्रुवारी

कारण सापडलं असं वाटलं. दिवाणजींचा फोन आकडेही मराठीत लिहितो. पर्लला ‘१२’ हा आकडा वाटत नाही, अक्षरं वाटतात, आणि आकडा नसलेल्या गोष्टीची किंमत तो मुकाट शून्य धरतो. नोंद घेतानाच मराठी आकड्यांचे इंग्रजी आकडे करायची एक ओळ घातली. काही पट्ट्यांवरचं शून्य गेलं. मी निवांत झोपलो.

१६ फेब्रुवारी

‘गू’ तिथेच आहे. ७६ रुपये ८० पैसेही. निदान या आकड्याचा उलगडा झाला : १२ गुणिले ६.४. म्हणजे वजनाच्या जागी पोती आलीत आणि दराच्या जागी वजन. रकाने एकाने उजवीकडे सरकलेत.

पण सगळ्याच ओळींत नाही. बेदाण्याच्या, धण्याच्या, शेंगांच्या पट्ट्या बहुतेक ठीक. हळदीच्या सगळ्या बिघडलेल्या, काही दोन घरं सरकलेल्या. आणि शेंगांच्याही काही बिघडलेल्या, जेव्हा शेतकरी विशिष्ट तालुक्याचा असेल.

दिवाणजींना म्हटलं, बिघडलेल्या ओळींची मूळ नावं वहीतून वाचून दाखवा, मी खुणा करतो. ते एकापाठोपाठ एक वाचत गेले : “हळद. गूळ. वाळवा. शिराळा. कवठेमहांकाळ. शेंगा, पण शेतकरी माळी. बेदाणा, साळुंखे.” मिरज, तासगाव, जत, आटपाडी, पलूस, कडेगाव, खानापूर यांतलं एकही त्या यादीत नाही. दहातले तीनच तालुके.

ते तोंडाने वाचत होते म्हणून कानाला लागलं. मी स्क्रीनवर दोन दिवस तेच शब्द बघत होतो आणि दिसलं नव्हतं. प्रत्येकात ‘ळ’.

मग शिराळ्याची ओळ नीट पाहिली. तालुक्याच्या रकान्यात ‘शिरा’ आणि तेच प्रश्नचिन्ह, पुढच्या रकान्यात नुसता काना, ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेला. कोणीतरी ‘ळ’च्या मध्यावर सुरी चालवून अर्धा इकडे, अर्धा तिकडे टाकला होता. मथळ्यातली ‘हळद’ मात्र शाबूत, कारण मथळा साच्यातून येतो, डेटातून नाही. हे मला ९ तारखेपासून दिसत होतं.

१७ फेब्रुवारी

डेटाची फाइल बाइट-बाइट करून पाहिली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं. सोळाच्या पायात लिहिलं तर ‘ल’ म्हणजे ई० ए४ बी२. ‘ळ’ म्हणजे ई० ए४ बी३. आणि इंजिन एका ओळीतले रकाने वेगळे ठेवायला मध्ये घालतं तो बाइट : बी३.

दादाला पुण्याला फोन लावला.

“दादा, तू रकान्यांमध्ये बी३ का घातलास?”

“कीबोर्डवर नसलेलं काहीतरी पाहिजे होतं. स्वल्पविराम पप्पा नावात घालायचे. जुन्या आठ बिटी तक्त्यात बी३ म्हणजे घनाचा तीन, डोक्यावर बसणारा. तो कोण टाइप करतंय? विकीच्या इंजिनातनं उचलला.”

“मराठीत ळ असतो की.”

“दोन हजार चारला मराठीत कोण टाइप करत होतं रे!”

उचलला कुठून तेही तपासलं. यूजमॉड विकी नावाचं पर्लमधलंच एक फाइलीचं इंजिन होतं. १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला तो त्याच्यावरच. त्यातही मूळ विभाजक हाच बी३ होता, आणि पुढे इतर भाषांसाठी लांब, अनेक बाइटांच्या विभाजकाचा पर्याय दिला गेला. म्हणजे दादाची चूक मोठ्या घरची आहे. हिंदीवाल्याने हे इंजिन वापरलं असतं तर त्याला बहुधा वर्षभर पत्ता लागला नसता, त्याच्या रोजच्या लिहिण्यात ‘ळ’ येतच नाही. आमच्याकडे पहिला मालच हळद आणि दुसरा गूळ.

१८ फेब्रुवारी, रविवार

दुरुस्ती. विभाजक म्हणून टॅब घेतला. यूटीएफ-८ ची एक हमी आहे : १२८ च्या खालचा बाइट दुसऱ्या कुठल्याही अक्षराच्या पोटात कधी येत नाही. टॅब म्हणजे ९, तो कायम टॅबच राहणार. त्याच कामासाठी आस्की या जुन्या अक्षर-तक्त्यात ३१ क्रमांकाची खास खूण आहे आणि शास्त्राने तीच बरी. पण टॅबची फाइल मामांचा सीए सरळ एक्सेलमध्ये उघडू शकतो. मुख्य फाइलीत विभाजक चार ठिकाणी हाताने लिहिलेला होता, तो एका जागी आणला. नोंदीत कोणी टॅब दाबलाच तर त्याची मोकळी जागा होईल, अशीही एक ओळ.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती, यार्ड बंद. चढवलेला डेटा दुरुस्त करायला हा दिवस चांगला.

फाइलीत दोन प्रकारचे बी३ मिसळलेत : काही रकान्यांच्या मधले, काही ‘ळ’च्या पोटातले. सुदैवाने दुसऱ्या प्रकाराच्या आधी नेहमी ई० ए४ असतं. तर नियम असा : ज्या बी३ च्या लगेच आधी ई० ए४ नाही, तेवढाच बदलून टॅब कर. पर्लला एका ओळीत सांगता येतं. भीती फक्त गुळाची होती, कारण तिथे ‘ळ’ संपतो आणि लगेच विभाजक येतो, म्हणजे लागोपाठ दोन बी३. कागदावर मांडून पाहिलं : पहिल्याच्या आधी ई० ए४, तो राहतो, दुसऱ्याच्या आधी ए४ बी३, तो बदलतो. बरोबर.

आधी प्रत काढून ठेवली, मग चालवलं. प्रत्येक ओळीत नऊ रकाने आहेत का ते मोजलं. २००४ पासूनच्या सगळ्या ओळी नऊ. ‘गू’चा गूळ झाला.

२० फेब्रुवारी

पूर्ण सुटलं नव्हतं. दिवाणजी मेहनती. १४ आणि १५ तारखेला त्यांना आकडे चुकलेले दिसले तशी त्यांनी काही पट्ट्या ‘दुरुस्त करा’ उघडून परत जतन केल्या होत्या. फॉर्ममध्ये ‘ह’ आणि प्रश्नचिन्ह दिसत होतं, आणि जतन होताना तेच प्रश्नचिन्ह खरं अक्षर म्हणून गेलं : ईएफ बीएफ बीडी. मूळ बाइट गेले. रकाने सरकलेले असल्यामुळे शेवटचे दर आणि शेराही बाहेर पडून गळाले. अशा २३ ओळी. माझा नियम यांच्यावर चालत नाही, कुठलाच चालणार नाही.

दोष त्यांचा नाही. ५०० आला असता तर त्यांनी हातही लावला नसता. पान नीट उघडत होतं, बटणं दाबली जात होती, मग माणूस काम करणारच.

२१ ते २३ फेब्रुवारी

कार्बनच्या वहीतून २३ पट्ट्या काढून हाताने भरणे. माल आणि तालुका अंदाजाने भरता येतो, ‘ह’ म्हणजे हळदच. दर अंदाजाने भरायचा नाही, हे मामांनी निक्षून सांगितलं. २२ सापडल्या. एका पानावर हळदीचा हात उमटलाय, दराचे शेवटचे दोन आकडे दिसत नाहीत.

त्याच वेळात दोन छोट्या गोष्टी केल्या. ओळीत नऊ रकाने नसतील तर इंजिन आता पट्टी छापत नाही, लाल अक्षरांत ओळ क्रमांक दाखवून थांबतं. आणि दर किंवा वजन आकडा नसेल तर शून्य धरण्याऐवजी तक्रार करतं. मामा म्हणाले, “आता लई बोलतंय हे.” बोलू दे.

२४ फेब्रुवारी

हळदीचा हात उमटलेल्या त्या पट्टीचा शेतकरी शिराळ्याचा निघाला. दिवाणजींनी फोन केला, त्याने स्वतःकडच्या पट्टीचा फोटो पाठवला. दर भरला, पट्टी पुन्हा छापून पाहिली, निव्वळ रक्कम फोटोतल्या रकमेशी जुळली. तालुक्याच्या रकान्यात ‘शिराळा’, पूर्ण.

बाकी : रोज रात्री डेटाची प्रत ईमेलने दादाकडे आणि माझ्याकडे. सीडी परत देवघराच्या कपाटात ठेवली.